झाडाचं तोंड कुणीकडे?

फोटो काढताना आपली 'चांगली' बाजू कुठली, हे प्रत्येकाला पक्कं माहीत असतं. माझी डावी. उजवीकडून बघितलं की माझं नाक थेट आजोबांवर गेलंय, हे कुणीही सांगेल! ऑफिसच्या आय-कार्डवर ही चांगली बाजू कधीच येत नाही, तो भाग वेगळा. पण लिंक्डइनवर, इन्स्टावर आणि आईने मला न विचारता विवाह मंडळात दिलेल्या फोटोत मी सगळ्यांना डावीकडूनच भेटते.

झाडांचंही असंच असतं, हे मला गेल्या वर्षी कळलं. म्हणजे सगळ्या झाडांचं नाही. रस्त्यावरच्या वडाला काय पडलंय? तो चहूबाजूंनी वडच. पण बोन्सायला तोंड असतं आणि पाठही असते. शिवाय हे तोंड झाड स्वतः सांगत नाही, कुणीतरी बसून ठरवावं लागतं. माझ्यावर ती वेळ आली. आणि आली ती माझ्याच कर्माने.

मावशीची गच्ची

मी फ्रीलान्स पत्रकार. म्हणजे मासकॉमची डिग्री, एक लॅपटॉप, चार एडिटर्सचे नंबर आणि 'पेमेंट पुढच्या महिन्यात नक्की' या वाक्यावर अढळ श्रद्धा. कोथरूडला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. तिथून चालत दहा मिनिटांवर माझी मावशी. तिसरा मजला, वर गच्ची आणि गच्चीवर पस्तीसेक बोन्साय. जुनी माणसं ज्यांना वामनवृक्ष म्हणतात ती. मावशी मात्र नुसतं 'झाडं' म्हणते.

त्यातलं सगळ्यात जुनं आणि लाडकं म्हणजे नांदरूक. नर्सरीवाले ज्याला सरसकट फायकस म्हणून विकतात, त्या वड-पिंपळाच्या खानदानातलं. १९९१ मध्ये पेठेतला एक वाडा पाडत होते. त्याच्या भिंतीच्या फटीत हे बोटभर रोप काका-मावशीला दिसलं. काकांनी मजुराला पाच रुपये देऊन ती वीट अलगद काढून घेतली आणि विटेसकट रोप घरी आणलं. आज त्याची उंची दोन फूट आणि बुंधा तीन इंच जाड. काकांना जाऊन नऊ वर्षं झाली. झाड आहे.

या झाडाचं तोंड काकांनी ठरवलेलं. कुंडीच्या काठाखाली, सहज दिसणार नाही असा पांढऱ्या ऑइलपेंटचा एक ठिपका आहे. ठिपका आपल्याकडे आला की झाड आपल्याकडे बघतंय, असा त्याचा हिशेब. तिथून बघितलं की डावीकडे एक लांब, जाड, किंचित खाली झुकलेली फांदी दिसायची. बोन्सायवाल्यांच्या भाषेत पहिली फांदी. खालून वर जाताना सगळ्यात आधी भेटते ती, आणि अख्ख्या झाडाचा तोल तिच्यावर असतो.

ती फांदी मी मारली.

दहा टिकमार्क

गेल्या मे महिन्यात मावशी बंगलोरला दादाकडे गेली. नातवाची मुंज होती. दहा दिवस. किल्ली माझ्याकडे. मेमध्ये बोन्सायला सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं, कारण कुंडी म्हणजे जवळजवळ ताटलीच. दोन-अडीच इंच माती. जमिनीतलं झाड खोलवर मुळं धाडून कुठूनतरी ओल शोधतं. हे बिचारं शोधणार कुठे? "पाणी घातलंस की कॅलेंडरवर त्या तारखेला टिकमार्क करत जा, म्हणजे विसरणार नाहीस," असं मावशीने जाताना बजावलं होतं.

सहा दिवस मी इमानेइतबारे पाणी घातलं. सातव्या दिवशी सकाळी सहा वाजता एका एडिटरचा फोन. कोकणातल्या होमस्टेंवर स्टोरी, फोटोग्राफर निघालाय, तू कधी पोहोचतेस? फ्रीलान्सरला 'नाही' हा शब्द येत नाही. मी बॅग भरली आणि सुटले. ताम्हिणी घाट उतरताना झाडं आठवली. तेव्हा वॉचमनला फोन करता आला असता, मावशीच्या समोरच्या काकूंनाही. मी केला नाही. 'तीन-चार दिवसांत काय होतंय' असं स्वतःला सांगितलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

परत आले तर नांदरुकाखाली वाळक्या पानांचा सडा. बाकीची झाडं शेडनेटखाली होती, ती कशीबशी तगली होती. नांदरूक उन्हातला गडी म्हणून बाहेर होतं. मी पाइप लावून धो धो पाणी सोडलं. मग खाली स्वयंपाकघरात येऊन कॅलेंडरवरच्या राहिलेल्या चार तारखांवर टिकमार्क केले. वेगवेगळ्या पेनांनी. हो, तेवढी हुशारी मी केली!

मावशी आली. मी म्हटलं, "यंदा ऊन फारच होतं गं." ती काही बोलली नाही. तिने नखाने शेंड्यावर बारीक ओरखडा काढला. पांढरा चीक आला. चीक आला म्हणजे जीव आहे. उजव्या फांदीवर काढला, चीक. मागच्या फांदीवर, चीक. मग पहिली फांदी. टोकापासून खोडापर्यंत सात ठिकाणी तिने नख लावलं. सातही ठिकाणी कोरडं, तपकिरी लाकूड.

तरी तिने तीन आठवडे वाट बघितली. जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि सगळ्या झाडाला लालसर कोंब फुटले. पहिली फांदी तेवढी काठीसारखी उभी.

"तोंड बदलावं लागणार याचं," मावशी म्हणाली. "जानेवारीत आमच्या ग्रुपचं प्रदर्शन आहे. काका गेल्यापासून हे झाड मी ठेवलं नव्हतं. यंदा ठेवणार होते. रविवारी येशील का?"

तोंड म्हणजे काय रे भाऊ?

रविवारपर्यंत मी पत्रकाराला शोभेल असा रिसर्च केला. कारण अपराधीपणावर माझ्याकडे तेवढा एकच उपाय आहे.

जपानी भाषेत बोन्सायच्या पुढच्या बाजूला 'शोमेन' म्हणतात. ही पुढची बाजू आली कुठून, याचं उत्तर त्यांच्या घरात आहे. जुन्या जपानी घरात बैठकीच्या खोलीत भिंतीत एक कोनाडा असतो, 'तोकोनोमा'. त्यात एक लटकतं चित्र आणि समोर एखादी फुलांची रचना किंवा बोन्साय. पाहुणे समोर चटईवर बसणार. म्हणजे झाडाच्या पाठीशी भिंत आणि समोर बसलेल्या माणसाचे डोळे. मग साहजिकच झाड त्या डोळ्यांसाठी घडवायचं. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्सायवाले शहराबाहेर ओमियाला गेले आणि १९२५ मध्ये तिथे बोन्सायचं गावच वसलं. १९३४ मध्ये टोकियोत उएनोला 'कोकुफू' प्रदर्शन सुरू झालं, ते आजही बोन्सायवाल्यांची पंढरी आहे. तिथेही झाडं ओळीने मांडलेली, पाठ पडद्याला, तोंड आपल्याकडे.

हे वाचून मी तयार होऊन गेले. शिवाय एक आयडियाही घेऊन गेले. मेलेल्या फांदीची साल सोलून ती पांढरी करून तशीच ठेवतात, त्याला 'जिन' म्हणतात, फार ड्रॅमॅटिक दिसतं! म्हणजे माझी चूक थेट कलाकृतीत जमा.

मावशीने शांतपणे ऐकून घेतलं. "ते जुनिपरला. त्याच्या लाकडात राळ असते, वर्षानुवर्षं टिकतं. नांदरुकाचं मेलेलं लाकूड आपल्या पावसात कुजतं आणि कूज खोडात उतरते." एवढं बोलून तिने करवत घेतली आणि फांदी खोडापासून कापली. वर जखमेची पेस्ट लावली. दोन मिनिटांत आटोपलं. मी फांदी हातात घेऊन उभी. ती कुठे ठेवायची ते मला कळेना.

एक ते बारा

मावशीकडे जुन्या टीव्हीचं फिरतं स्टँड आहे. तेच, डब्बा टीव्ही असायचे तेव्हाचं. ते तिने पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर ठेवलं, वर झाड ठेवलं आणि स्टँडच्या कडेला खडूने घड्याळासारखे बारा आकडे काढले. काकांचा ठिपका एक नंबरवर. मला समोर प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं, म्हणजे माझे डोळे खोडाच्या मध्यावर आले.

"वरून बघायचं नाही," ती म्हणाली. "वरून बघितलं तर कुंडीतलं झुडूप दिसतं. समोरून बघितलं तरच झाड दिसतं."

बारा वेळा झाड फिरवायचं. प्रत्येक नंबरला मिनिटभर नुसतं बघायचं आणि दोघींनी आपापल्या कागदावर आपली निवड लिहायची. एकमेकींना दाखवायची नाही. मी अर्थात मोबाइल काढला आणि बाराच्या बारा फोटो काढले. वर ते ब्लॅक अँड व्हाइट केले. पानांचा हिरवा रंग काढून टाकला की आकार स्वच्छ कळतो, हा फंडा मी कुठेतरी वाचला होता. (हा फंडा खरा आहे, मावशीनेही मान्य केला.)

माझा निकाल पाच मिनिटांत लागला. चार नंबर! झाड पाव घेर फिरवलं की कापलेली जागा बरोब्बर मागे जात होती. फोटोत झाड भरगच्च, गोल, कुठे काही कमी नाही. कुणाला कळलंही नसतं.

मावशीचा कागद मात्र अर्ध्या तासाने भरला. तिचा नंबर दोन.

"चारला काय वाईट आहे?" मी फोटो पुढे केला.

"फोटो ठेव आणि खाली बस. आता दोन्ही डोळ्यांनी बघ."

तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो, त्याला जवळचं आणि लांबचं एकाच कागदावर चिकटवायची सवय. चार नंबरला एक जाड मूळ सरळ माझ्या अंगावर येत होतं, पाय पुढे टाकल्यासारखं. खोडाचा फुगवटा पोट पुढे काढून उभ्या असलेल्या माणसासारखा माझ्याकडे. आणि एरवी उजवीकडे असणारी फांदी थेट डोळ्यांत घुसणारी. फोटोत जे 'भरगच्च' वाटत होतं, ते म्हणजे ही फांदी खोड झाकत होती.

मग मावशीने तिचा क्रम सांगितला. मी तो लिहून घेतला, कारण सवय.

आधी मुळं. मातीवर दिसणारी मुळं दोन्ही बाजूंना पसरलेली हवीत, झाडाने जमीन धरून ठेवली आहे असं वाटलं पाहिजे. एकही मूळ सरळ बघणाऱ्यावर यायला नको. मग खोड. बुडापासून शेंड्यापर्यंत त्याची चाल दिसली पाहिजे, खाली जाड, वर निमुळतं. खोड आधी जरासं मागे जावं आणि शेंडा किंचित आपल्याकडे यावा, वडीलधाऱ्यांसमोर आपण वाकतो तेवढाच. आणि सगळ्यात शेवटी फांद्या.

"फांद्या शेवटी?" मी विचारलं. म्हणजे महिनाभर जिच्यापायी मला झोप नव्हती, ती या यादीत शेवटच्या नंबरावर!

"फांदी पुन्हा येते गं. तार बांधून वळवता येते, वाढवता येते. दोन-चार वर्षं लागतात, पण येते. मुळं आणि बुंधा असा होणार नाही पुन्हा. जे परत येऊ शकतं, त्यावरून तोंड ठरवायचं नसतं."

चार नंबरचा हट्ट

तुम्हाला वाटेल, एवढं ऐकल्यावर मी गप्प बसले असेन. छे! मी चार नंबरसाठी भांडत राहिले. मूळ मातीखाली दाबू या, फांदी तारेने बाजूला घेऊ या, पोट दिसणार नाही असं शेवाळ लावू या. क्लायंटला पटेपर्यंत नवनवे स्लाइड्स दाखवतात तसं माझं चाललं होतं.

"दोन नंबरला डावीकडे रिकामी जागा दिसते मावशी. चारला काहीच कळत नाही."

"काय कळत नाही?"

"फांदी गेलेली."

मावशीने स्टँड थांबवलं. "तू झाड बघतच नाहीयेस. तासभर ती फांदीच बघत बसली आहेस. नसलेली."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गच्चीवर आभाळ भरून आलेलं, खाली कुणाच्यातरी कुकरची शिट्टी. मी म्हटलं, "मावशी, मी चार दिवस पाणीच घातलं नव्हतं. कोकणात गेले होते."

"माहितेय."

"म्हणजे?"

"मी आले त्याच दिवशी समोरच्या काकूंनी विचारलं, भाची गावाला गेली होती का म्हणून." तिने हातातला खडू ठेवला. "पाणी राहिलं ते राहिलं. माझ्याकडूनही राहिलंय. काकांची एक चिंच मी दिवाळीच्या गडबडीत घालवली होती. पण टिकमार्क कशाला केलेस? तेही वेगवेगळ्या पेनांनी?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नव्हती. तिला खरंच प्रश्न पडला होता. आणि मला त्याचं उत्तर देता आलं नाही. अजूनही नीट देता येत नाही. झाड सुकलं याचं वाईट वाटत होतंच. पण पेनं बदलताना माझ्या डोक्यात झाड नव्हतं, मी कशी दिसेन एवढंच होतं. डावी बाजू!

मावशीने उत्तराची वाट बघितली नाही. "चल, पाऊस यायच्या आत माती काढू," म्हणाली.

ठिपका तिथेच

नांदरुकाची कुंडी बदलायला पावसाळ्याची सुरुवात छान. आम्ही झाड बाहेर काढलं, काडीने मुळं मोकळी केली, लांबलेली कापली. माती झाडल्यावर दोन नंबरच्या बाजूने डावीकडे आणखी एक जाड मूळ निघालं. इतकी वर्षं ते मातीखालीच होतं. मावशी एकदम खूश. "हे बघ! काकांनी ९८ मध्ये तोंड ठरवलं तेव्हा ही मुळं सुतळीएवढी होती. त्यांना कुठून दिसणार?"

मला वाटत होतं, काकांनी ठरवलेलं तोंड बदलताना तिला जड जाईल. मी विचारलंही. ती म्हणाली, "त्यांनी तेव्हाच्या झाडाचं ठरवलं. हे आत्ताचं झाड आहे." जपानमध्ये एकेक झाड पिढ्यान्‌पिढ्या हात बदलतं, नवा माणूस त्याचं तोंड नव्याने ठरवू शकतो, आणि त्यात आधीच्याचा अपमान होत नाही, हे मी तिला माझ्या रिसर्चमधून सांगितलं. "बरोबर आहे," एवढंच ती म्हणाली.

कुंडी तीच. लांबट, सोळा इंची. झाडाच्या उंचीच्या साधारण दोन-तृतीयांश लांबी, असा ठोकताळा आहे. कुंडीचा पांढरा ठिपका समोरच ठेवला आणि आत झाड तेवढं फिरवलं. आता झाडाचा झोक उजवीकडे होता, म्हणून ते बरोबर मधोमध न लावता थोडं डावीकडे आणि किंचित मागे लावलं. उजव्या फांदीखाली मोकळी जागा राहिली पाहिजे, नाहीतर झाड कुंडीबाहेर पडतंय असं वाटतं. कलवायचं किती, हे लावण्याआधीच बघून ठेवलं होतं, कुंडीखाली जुन्या रबरी चपलेचा तुकडा सरकवून. मग कुंडीच्या भोकांतून तार ओवून झाड घट्ट बांधलं आणि तीन आठवडे सावलीत.

उजवी फांदी थोडी पुढे येत होती, तिला नंतर अॅल्युमिनियमची तार गुंडाळून बाजूला घेतलं. आधी मागे दडलेली फांदी आता उजव्या फांदीच्या पाठीमागून डोकावायला लागली. तिच्यामुळे झाडाला खोली आली. मागे काही नसेल तर झाड पुठ्ठ्यातून कापल्यासारखं सपाट दिसतं, हे मला तेव्हा कळलं. पाठीमागची फांदी कुणी बघायला येत नाही, पण ती नसली तर पुढचं काही खरं वाटत नाही.

पाच फुटांवरचे डोळे

जानेवारीत प्रदर्शन. हॉलमधली टेबलं अडीच फुटांची. त्यावर झाड ठेवलं तर सगळे वरून बघणार, म्हणजे पुन्हा कुंडीतलं झुडूप. आम्ही दीड फुटाचा लाकडी खोका पांढरट कापडात गुंडाळून टेबलावर ठेवला आणि त्यावर झाड. झाडाचा मधला भाग बरोबर पाच फुटांवर आला, उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर. मागे साधा पांढरट पडदा. शेजारच्या टेबलाला कुणीतरी मरून सॅटिन लावलं होतं, त्यावर जरीची किनार. त्या झाडाचं पानही धड दिसत नव्हतं! उजवीकडे, जिकडे झाड झेपावतं त्या बाजूला, थोडं खाली एका बारक्या वाटीत गवत ठेवलं. बस्स. एवढंच.

मावशीने शेवटी जमिनीवर, टेबलापासून दोन पावलांवर, चिकटपट्टीचा एक तुकडा लावला. पाटी नाही, सूचना नाही. पण दिवसभर मी बघत होते, दहातली सात माणसं आपोआप त्या पट्टीवर येऊन थांबत होती. तोंड ठरवायचं म्हणजे झाड कुठे ठेवायचं एवढंच नाही, माणसाने कुठे उभं राहायचं हेही ठरवायचं. एक चार-पाच वर्षांचा मुलगा तेवढा पट्टी ओलांडून टेबलाला चिकटला. मान वर करून म्हणाला, "आई, केवढं मोठं झाड!" दोन फुटांचं. पण त्याच्या उंचीवरून ते खरोखरच मोठं होतं.

दुपारी एक आजोबा आले. पट्टीवर थांबले. बराच वेळ बघून मावशीला म्हणाले, "हे काकांचंच ना? याची डावीकडची फांदी कुठे गेली?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. ती काहीही सांगू शकली असती. किडीने गेली, वाऱ्याने मोडली. तिने काहीच सांगितलं नाही.

"मी वाळवली," मी म्हटलं. "मे महिन्यात चार दिवस पाणी घातलं नाही."

आजोबांनी "हं" केलं. मला वाटलं, आता लेक्चर. पण ते परत झाडाकडे वळले, एक पाऊल डावीकडे सरकले, परत पट्टीवर आले. "पानांआड हा खालचा बाक दिसायचाच नाही पूर्वी," ते मावशीला म्हणाले. "बुंधा आत्ता दिसतोय." आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

नंबर आला नाही. पहिलं बक्षीस एका बोगनवेलीला गेलं आणि ते योग्यच होतं. पण संध्याकाळी झाड रिक्षात मांडीवर घेऊन परत येताना मावशी मजेत होती. "पुढच्या वर्षी शेंडा जरा डावीकडे घेऊ," वगैरे तिचं सुरू झालं होतं.

आणि उरलेले दिवस

प्रदर्शन दोन दिवसांचं. वर्षाचे बाकीचे दिवस झाड गच्चीवर असतं, आणि तिथे तोंडाला काही किंमत नाही. उलट तिथला नियम वेगळाच आहे. दर आठवड्याला कुंडी पाव घेर फिरवायची. का? ऊन एकाच बाजूला मिळालं तर तीच बाजू वाढते आणि पाठीमागच्या फांद्या हळूहळू वाळतात. आणि पाठ गेली की तोंडही सपाट. म्हणजे दोन दिवस एका बाजूने दिसायचं असेल, तर बाकी सगळे दिवस सगळ्या बाजूंना ऊन द्यायचं.

आपल्याकडे नेमकं उलटं असतं, नाही का? सगळं ऊन प्रोफाइलच्या फोटोला. पाठीमागे काय वाळत चाललंय, ते बघायला वेळ कुणाला आहे?

कुंड्या फिरवायचं काम मावशीने आता माझ्याकडे दिलंय. दर रविवारी. कॅलेंडर तेच, स्वयंपाकघरातलं, आणि पेन एकच, दोरीने खिळ्याला बांधलेलं. ही मावशीची गंमत. ती मला पूर्ण कळलेली आहे.

डावीकडच्या रिकाम्या जागेत, कापल्या जागेच्या जरा वर, एक कोंब आलाय. करंगळीएवढा. त्याची फांदी होईल की नाही, हे दोन-तीन वर्षांनी कळेल.

गेल्या रविवारचा टिकमार्क केलेला नाही. स्टोरी द्यायची होती, कुंड्या फिरवायच्या राहिल्या. मावशीला फोन करून तसं सांगितलंय. आज संध्याकाळी जाणार आहे.